दाजींचं डोकं

कातरमामांची एकच घमेंड होती: अफवेला आपल्या दुकानाची पायरी चढू देणार नाही! त्यामुळे वॉर्डाच्या निवडणुकीला त्यांचे दाजी उभे राहिले आणि दाजी टोप घालतात अशी आवई उठली, तेव्हा मामा नुसते हसले. बारा वर्षं ते केस त्यांच्याच कात्रीखाली होते.

येईल त्या गिऱ्हाइकाच्या गळ्याला कापड गुंडाळलं, की मामा बजावायचे: दाजी टोपबीप काही घालत नाहीत. ज्यांना या गोष्टीचा गंधही नव्हता, तेही अर्ध्या दाढीने मान वळवून विचारू लागले, "टोप? कुणाचा टोप?" आठवडाभरात बातमी कणकेतल्या मिठासारखी गल्लोगल्ली मुरली. ज्याचं डोकंच खोटं त्याचा शब्द काय खरा, असं लोक म्हणू लागले. दाजी तर असे भाबडे, की आरशाशीसुद्धा खरंच बोलायचे.

मग मामांनी ब्रह्मास्त्र काढलं. भर सकाळी, दार सताड उघडं टाकून, दहा जणांदेखत दाजींचा तुळतुळीत गोटा केला!

पण वस्तरा पाहिला दहांनी, गोटा पाहिला हजारांनी. दुपारपर्यंत वॉर्डात एकच बोलणं: "शेवटी टोप उतरवावाच लागला ना?"

दाजी पडल्यातच जमा होते. तेव्हा ताई दुकानात आल्या. रागावल्या नाहीत, भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अरे, तू नाही नाही म्हणत तेच घरोघर पोचवलंस. आता तोंड मीट. लोकांना सांगू नकोस, हात लावून बघू दे."

चार दिवसांत खुंट उगवले. ताई नवऱ्याला दारोदार घेऊन गेल्या, दाजी प्रत्येक उंबऱ्यावर डोकं पुढे करायचे. म्हाताऱ्या मायेने हात फिरवायच्या आणि "अगबाई, टोचतंय की!" म्हणत शेजारणीला बोलवायच्या. आपल्याच तळव्याची साक्ष कोण खोटी पाडणार? दाजी एकोणीस मतांनी निवडून आले.

त्या संध्याकाळी मामांच्या फोनवर निरोप आला: पडलेल्या उमेदवाराची मिशी चिकटवलेली आहे. मामांचा चेहरा उजळला. "मला वाटलंच होतं!"

मामी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, दर रविवारी ती मिशी तुम्हीच कोरता ना?"

मामांनी घाईघाईने फोन पुन्हा उघडला. निरोप तोवर तिघांना पुढे गेला होता.