टवटवीत बालक, पर्याय ब

"वहिनी, दादाला त्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासला घालू नकोस. उद्या घराला आग लागली तरी तो बादली उचलायचा नाही, चार पर्याय मागेल," असं नणंदेने लग्नानंतर लगेचच बजावलं होतं. वहिनीने ते हसण्यावारी नेलं. नणंद तोंडाळ होती आणि नवरा होतकरू.

होतकरू नवरा यथावकाश घरातही अभ्यासक्रमानुसारच बोलू लागला. दूध संपलं म्हटलं, की "पुरवठा घटला की मागणी वाढली?" असं विचारायचा. एके दिवशी बाळ रडायला लागलं, तेव्हा त्याने डोळे मिटले. "विधान : बाळ रडत आहे. निष्कर्ष एक : त्याला भूक लागली आहे. निष्कर्ष दोन : त्याला ताप आहे. दोन्ही निघत नाहीत."

"अहो, हात लावून बघा की! अंग नुसतं भाजतंय."

"विधानाबाहेरचं काही गृहीत धरायचं नसतं."

तिने बाळाला खांद्यावर टाकलं आणि तडक सरकारी दवाखाना गाठला. नवराही मागोमाग आला. 'टवटवीत बालक योजने'त तापाचं औषध फुकट मिळतं, हे त्याला उद्दिष्टांसकट तोंडपाठ होतं.

औषधाच्या खिडकीतला माणूस स्वतः बढतीच्या परीक्षेला बसला होता. बाटली हातात घेऊन तो थबकला. "योजना कुठल्या विभागाची? शिक्का त्याच विभागाचा लागतो."

"आरोग्य. पर्याय अ," नवरा म्हणाला.

"साफ चूक. बालकल्याण. पर्याय ब."

"परीक्षेतल्या त्या प्रश्नावर आम्ही हरकत घेतलीय!"

रांगेतल्या आजोबांनी 'क, दोन्ही' असा कौल दिला. त्यांचा नातू तिसऱ्यांदा परीक्षेला बसत होता. भरलेली सुई तशीच ठेवून परिचारिका धावत आली. "नक्की माहीत असेल तरच बोला, चुकीला गुण कापतात!" गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले आणि 'यापैकी नाही' म्हणून स्टूल ओढून बसले.

"अहो, आधी बाटली द्या ना!" ती ओरडली.

"ताई, धीर धरा," खिडकीतला माणूस समजुतीने म्हणाला, "उत्तरतालिका येऊ द्या."

खांद्यावरचं रडणं थांबलं. मान सैल पडली. तिने भेदरून आजूबाजूला पाहिलं. सगळे भांडत होते; गप्प उभे होते ते फक्त तुम्ही.

"अहो, ऐकता का," ती तुम्हाला म्हणाली, "मनातल्या मनात पर्याय निवडून झाला असेल, तर जरा याच्या कपाळाला हात लावून बघता?"