गावंडे सरांचे शेरे

गावंडे सर चित्रांना शिक्षा करत. एखादं काम आवडलं नाही की ते चित्र भिंतीकडे तोंड करून उभं करायचे आणि त्याच्या पाठीवर ओरडायचे. "पळसाचं झाड असं असते काय बे?" ज्यानं ते काढलं तो विद्यार्थी शेजारीच उभा, त्याला मात्र एक शब्द नाही.

आदिलाबादच्या त्या खाजगी चित्रकला कॉलेजात मी टायपिस्ट होतो. सरांनी कोणाला 'छान' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

नव्व्याण्णव साली शेवटच्या वर्षाच्या मुलांचं प्रदर्शन ठरलं. चित्रं टांगून झाली, आणि आदल्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांनी तो हॉल पुतण्याच्या लग्नाला देऊन टाकला. मंडपवाल्यांनी चित्रं उतरवून जिन्याखाली ढीग घातला. सर तडक अध्यक्षांच्या घरी गेले. काय बोलले ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. मुलांना दुसरी तारीख मिळाली नाही. सरांना मेमो मिळाला. तो मीच टाइप केलेला. सरांनी त्यातलं शुद्धलेखन तपासून मला परत दिला.

हैदराबादला कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मग चित्रांचे फोटो मागवून इंटरनेटवर प्रदर्शन लावलं. सर त्याच्यावरही चिडले. "भिंत नाही, खिळा नाही, अन् म्हणे प्रदर्शन." तरी मला घेऊन बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. चित्र वरून पट्टी-पट्टीनं उघडत होतं. आधी आभाळ आलं, मग बराच वेळ काहीच नाही. "बाकीचं जेवाले गेलं काय?" सरांनी दुकानदाराला विचारलं. इचोड्याच्या ढाब्याच्या चित्रातल्या मिरच्या तपकिरी दिसल्या, तेव्हा त्यांनी रुमालानं पडदा घासला.

प्रत्येक चित्राखाली पाहणाऱ्यानं शेरा लिहायची सोय होती. आठ दिवस होऊन गेले होते. सगळ्या जागा कोऱ्या. सर गप्प झाले. रागावलेले सर माझ्या सवयीचे होते. गप्प बसलेले नव्हते.

मग म्हणाले, "भाऊ, तुमाले टायपिंग येते. लिहा."

ते सांगत गेले, मी इंग्रजी अक्षरांत मराठी उमटवत गेलो. 'रंग फार धीटपणे वापरले आहेत.' खाली नाव, कुलकर्णी, नागपूर. 'सावली सुरेख उतरली.' रेड्डी, हैदराबाद. अकरा चित्रं, अकरा माणसं. शेवटचं शोभाचं. ती तामसीहून बसनं यायची. तिनं कापूस वेचणाऱ्या बायांचे नुसते हात काढले होते. सरांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"लिहा, हे हात पाहून मला माझी माय आठवली. लक्ष्मीबाई, बेज्जूर."

"सर, बेज्जूरला अजून धड फोन लागत नाही."

"तुमाले काऊन पंचाईत? लिहा."

सोमवारी शोभा बसस्टँडजवळच्या दुकानात प्रदर्शन पाहून धापा टाकत ऑफिसात आली. सर हजेरीवर सही करत होते. बेज्जूरच्या कोण्या बाईंना तिच्या चित्रातले हात पाहून आई आठवली, असं ती मला सांगू लागली.

सर खेकसले, "बेज्जूरच्या बाईले काय समजते चित्रातलं?"

शोभा नुसती हसली. सरांनी पेन मिटलं आणि एक खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस. अन् सांग बरं, काय काय लिहिलं त्या बाईनं."