पोपटी लुमीची दृष्ट

दत्ताराम परबची गाडी भटवाडीत आली तेव्हा अख्खी सोसायटी गॅलरीत येऊन उभी राहिली. गाडी पोपटी, इवलीशी आणि जहाजातून परदेशाहून आलेली. नाव लुमी. स्वस्त तर इतकी, की दत्तारामच्या बायकोनं, सुलक्षणानं, दोनदा विचारलं होतं, "चाकं धरून ना?" पण त्या लुमीनं दोन गाड्यांमधल्या फटीत स्वतःच स्टिअरिंग फिरवत अंग चोरून जागा पटकावली. दत्ताराम नुसता हाताची घडी घालून आत बसला होता. बघणारे थक्क झाले.

"दत्ता, ही गाडी आहे की काय आहे रे?" सेक्रेटरी विद्याधर म्हणाला. पार्किंगवरून सख्ख्या भावाशी भांडणाऱ्या या माणसानं गेटजवळची सावलीतली जागा आपण होऊन लुमीला दिली.

सगळ्यात थक्क झाली ती दत्तारामची आई, रत्नप्रभाबाई. दत्तारामचे वडील जुहूच्या एका बंगल्यावर ड्रायव्हर होते. जन्मभर मोठमोठ्या गाड्या चालवल्या, पण बायकोला त्यातल्या एकीतही बसवता आलं नाही. "आपली गाडी आली की तुला पुढच्या सीटवर बसवून जुहूला नेईन," असं म्हणायचे, आणि म्हणता म्हणता गेले. तो शब्द आता दत्तारामनं पाळायचा होता. रविवारचा बेत ठरला.

शनिवारी आईनं लिंबू-मिरची आणली आणि लुमीच्या पुढच्या बंपरला अगदी मधोमध बांधली. "एवढ्या लोकांनी बघितल्यानी. दृष्ट लागात," ती म्हणाली. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

रविवारी ठेवणीतलं पातळ नेसून आई पुढे बसली. गाडी गेटबाहेर हातभर गेली आणि कचकन थांबली. पडद्यावर लाल चित्र आणि खाली कुठल्याशा परक्या लिपीत दोन ओळी. पुन्हा हातभर, पुन्हा कचकन. मागे रिक्षांची रांग लागली.

"ओ काका, मुहूर्त काढताय काय?" एक रिक्षावाला ओरडला.

आई पदर सावरत उतरली. तिला राग नव्हता आला, हेच दत्तारामला लागलं.

"नजर लागली हा रे," ती म्हणाली. "लिंबू ल्हान पडला." संध्याकाळी बंपरवर दोन मोठी लिंबं आली. गाडीचे झटके वाढले.

कंपनीचा फोन नुसताच वाजत राहिला. कंपनीनं इथला गाशा कधीच गुंडाळला होता. शेवटी असल्फ्याच्या गॅरेजमधला हर्षद गाडी ढकलत घेऊन गेला. हर्षद देवभोळा माणूस. त्यानं लिंबू-मिरची सोडून देवाच्या फोटोखाली ठेवली, गाडी तपासली, साकीनाक्यापर्यंत फिरवून आणली, आणि लिंबू-मिरची होती तशी परत बांधून हात जोडले.

"साहेब, झकास चालते. काहीच नाही हिला."

दत्ताराम बसला. कचकन.

हर्षदनं बराच वेळ गाडीकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मग हे मशीनचं नाही. बाहेरचं आहे."

हे आईच्या कानावर गेलं आणि बंपरवर सात लिंबं, काळी बाहुली आणि जुनी चप्पल चढली. लुमी आता जागची हलेना. विद्याधरनं सावलीतली जागा काढून घेतली. ढकलून कचऱ्याच्या डब्यांशेजारी लावलेल्या लुमीच्या बॉनेटवर तळमजल्याच्या काकू पापड वाळवू लागल्या. दत्ताराम येता-जाता तिकडे बघायचं टाळायचा, आणि आईनं जुहूचं नाव घेणं सोडलं.

शेवटी दत्तारामनं गाडी विकायला काढली आणि मुलुंडचा एक तरुण, मिहिर, ती घ्यायला तयार झाला. आई खाली उतरली आणि सगळी माळ तिनं स्वतः सोडली. "आपली दृष्ट दुसऱ्याक कित्याक?"

मिहिर बसला. लुमी आवाज न करता निघाली, गेटपर्यंत गेली, झोकात वळली आणि परत येऊन उभी राहिली.

"च्यायला, हिची वाट लागली होती ना?" विद्याधर म्हणाला.

आईलाच त्या पोराची माया आली. "थांब रे झिला. नवी गाडी अशी मोकळी नेव नको." तिनं पिशवीतून ताजी लिंबू-मिरची काढून बंपरला बांधली.

मिहिर निघाला. कचकन.

दत्ताराम खाली वाकला. लिंबू हलत होतं, आणि त्याच्या मागे बंपरमध्ये रुपयाएवढी काळी काच होती, गाडीचा डोळाच. पुढे काही आडवं आलं की थांबायचं, एवढंच ती बिचारी इमानानं करत होती. त्याला गाडीची पप्पी घ्यावीशी वाटली.

"काका, मला नको ही गाडी," मिहिर म्हणाला. दत्तारामनं इतक्या आनंदानं व्यवहार मोडला, की जाताना मिहिरला आपलंच काही चुकतंय असं वाटलं.

आता आईला सांगायचं कसं? जिवापाड जपणाऱ्या बाईला तूच अडवलंस म्हणायचं?

"आई," तो म्हणाला, "मला वाटतं आपण चुकीच्या बाजूला बांधलं. समोरचे लोक तोंडावर गोडच बोलतात. जळतात ते गाडी पुढे गेल्यावर."

आईनं विद्याधरकडे एकदा बघितलं. "ह्या मात्र खरा," ती म्हणाली, आणि लिंबू-मिरची मागे गेली.

त्या रविवारी जुहूला आई पुढच्या सीटवरून उतरायलाच तयार नव्हती. काच खाली करून समुद्राकडे बघत बसली. "तुझो बापूस हंयच उभो रवायचो, गाडी पुसत," ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. मग थोड्या वेळानं म्हणाली, "बघितलंस? शेवटी लिंबवानच गाडी चलवली."

"हो आई," दत्ताराम म्हणाला. समोर भिंत होती, म्हणजे आता गाडी मागे घ्यायची होती, आणि मागच्या बंपरलाही तशीच काळी काच होती. "बस हं, चाकातली हवा बघून येतो," असं म्हणून तो उतरला आणि मागचं लिंबू हळूच सोडून खिशात घातलं.