ओढ्यात कोण बुडालं?

वाहत्या पाण्याचा फोटो काढणं म्हणजे काय मोठं काम आहे हो? पाणी स्वतःच वाहतं, आपण फक्त बटण दाबायचं! हे मी साडूंना तोंडावर सांगितलं. तेही त्यांच्याच दिवाणखान्यात, त्यांनीच काढलेल्या धबधब्याच्या फोटोखाली बसून! त्या फोटोत पाणी रेशमासारखं मऊ दिसत होतं आणि आमची बायको त्याच्याकडे इतक्या कौतुकानं बघत होती की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"रविवारी जेवायला या आमच्याकडे," मी म्हणालो. "याहून सरस फोटो दाखवतो!"

"अहो, तुम्हाला जमतं का ते?" बायकोनं सगळ्यांदेखत विचारलं. झालं! आता माघार घेतली असती तर उरलेलं आयुष्य ऐकून घ्यावं लागलं असतं.

तंत्र मी वाचून काढलं. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, भिंगापुढे काळी काच लावायची आणि शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. पाणी मऊ उमटतं, हलणारी माणसं पुसली जातात. कॅमेऱ्याला धक्का लागला तर सगळं बिघडतं आणि शटर फारच वेळ उघडं राहिलं तर फोटो कोरा पांढरा.

शनिवारी ऊन उतरल्यावर मी घराजवळच्या ओढ्यावर ठाण मांडलं. हातात बटणाची वायर, नजर पाण्यावर, आणि तोंडानं मोठ्यांदा आकडे मोजणं चालू. एवढ्यात मफलर गुंडाळलेले एक आजोबा फिरत फिरत मागे येऊन उभे राहिले.

"काय झालं हो?"

"बोलू नका! हलू नका!" मी ओरडलो आणि पुढे मोजत राहिलो.

आता तुम्हीच सांगा, असा माणूस बघून कुणाला काय वाटेल? आजोबांना वाटलं, कुणीतरी पाण्याखाली गेलंय आणि मी वेळ मोजतोय. ते धापा टाकत पुलाकडे पळाले. मला बरंच वाटलं, ब्याद टळली!

पुढच्या फोटोसाठी मी शटर उघडलं, ते उघडंच राहावं म्हणून वायरचं बटण अडकवून ठेवलं, तोच एक हेल्मेटवाला उतारावरून घसरत खाली आला.

"अहो, बघताय काय? माणूस बुडालाय!"

कुणाचा तरी जीव जातोय आणि मी फोटो काढतोय! मी बूट काढले, मोबाइल पिशवीत टाकला आणि त्याच्यामागोमाग उडी मारली. पाणी निघालं कमरेइतकं. त्यात माणूस बुडालाच कसा, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही. लव्हाळ्यात हात घालत, चिखल उपसत आम्ही वळणापलीकडे गेलो.

"दिसायला कसा होता?" मी विचारलं.

"मला काय माहीत? आजोबा ओरडले, मी आलो!"

इकडे आजोबा गर्दी घेऊन परतले. कॅमेरा आहे, बूट आहेत, माणूस नाही! "अरेरे, वाचवायला गेला आणि तोही गेला!" म्हणत त्यांनी बुडालेल्यांत माझी भर घातली. तेवढ्यात पिशवीत माझा मोबाइल वाजला. बायको होती. येताना कोथिंबीर आणा, एवढंच तिला सांगायचं होतं.

"बाई, कॅमेरावाले तुमचे कोण?" आजोबांनी फोन उचलून विचारलं. "जमेल तितक्या लवकर या."

आम्ही रिकाम्या हातानं परत फिरलो, तेव्हा काठावर ही गर्दी! मधोमध एक बाई ट्रायपॉडला मिठी मारून रडत होती. "नसता आला फोटो तर काय बिघडलं असतं हो! मीच टोचून बोलले!"

मी पाहिलं. बायको आमचीच होती. माझं मन भरून आलं. पण तोंडातून काय बाहेर पडावं?

"अगं, स्टँड सोड! शटर उघडं आहे!"

सगळी गर्दी वळली. डोक्यावर शेवाळ घेऊन मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो. आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग तो पहिला कुठंय?"

बायको पाण्यात उतरली. मला घट्ट धरलं आणि मग माझ्या पाठीत असा एक धपाटा घातला की हेल्मेटवाल्यानं हेल्मेट पुन्हा चढवलं.

रविवारी साडू आले. आल्या आल्या म्हणाले, "दाखवा तुमचा फोटो!" मी निमूटपणे कॅमेरा पुढे केला. पडद्यावर पांढरंशुभ्र, दुसरं काही नाही. साडूंनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, तिरका केला.

"वा! धुकं छान पकडलंय!"

"धुकं नाही ते," बायको ताटं मांडता मांडता म्हणाली. "मी आहे. रडतेय."

साडूंनी कॅमेरा जपून खाली ठेवला. मी आपला पेले भरायला आत गेलो.