लाल पट्टीच्या बदल्यात

गोटीरामचा हिशेब साधा होता. बॉम्बस्फोटातल्या बचावाच्या सरावात तासभर खोटं जखमी होऊन पडायचं, की ॲम्ब्युलन्स थेट गंगापूर रोडच्या दवाखान्यात सोडणार. त्याच गल्लीत त्याची लेक रूपाली राहायची. दुपारी तिच्या सासरची मंडळी जेवायला होती आणि मेथी बापाने कबूल केली होती. त्यासाठी नवा पायजमाही घातला होता.

पण भाजी बाजाराच्या आवारात सराव घेणाऱ्या डॉक्टर उज्वलांनी त्याच्या गळ्यात हिरवी पट्टी अडकवली. हिरवी म्हणजे किरकोळ खरचटलेला, पायी घरी. लाल म्हणजे अत्यवस्थ, त्याला गाडी. लाल मिळाली कुसाबाईला. ती गंगापूर रोडला दारोदार भाजी विकायची आणि धंदा बुडतोय म्हणून कुरकुरत होती.

"कुसाबाई, पट्टी बदलती का?"

"फुकट?"

"चार जुड्या मेथी घे."

"सहा."

"मरायला टेकलेल्या माणसाशी घासाघीस करती व्हय?"

"मरायला मी टेकले. लाल माझ्या गळ्यात हे."

सहा जुड्या त्याच्या पोत्यातून तिच्या पाटीत गेल्या. कुसाबाई हिरव्या पट्टीने चालती झाली.

शिट्टी वाजली. हल्लेखोर अजून दडलाय असं धरून चालायचं, म्हणून शिकाऊ मंडळी वाकून धावत आली. अग्निशामक दलाच्या ओमने गोटीरामला काखेत धरून फरफटत भिंतीआड नेलं.

"माझं पोतं राह्यलं."

"काका, तुम्ही बेशुद्ध आहात."

"मेथी हे त्यात, लेकीला द्यायची."

"मॅडम, पेशंट बडबडतोय."

"रक्त आधी थांबव रे," सकाळपासून वैतागलेल्या उज्वला म्हणाल्या. "किती वेळा सांगायचं?"

ओमने कात्री काढली. जखम बघायची तर कपडा कापायचा, हा कालचाच धडा. पायजम्याचा डावा पाय मांडीपर्यंत उघडा झाला. मांडीला पट्टा आवळला आणि आवळल्याची वेळ नियमाप्रमाणे पेनाने कपाळावर लिहिली, १०.४०.

"नवा हे पायजमा," गोटीराम पुटपुटला.

"बेशुद्ध, काका."

तोवर बिनमालकाचं पोतं पोलिसांच्या नजरेत भरलं. त्यांचाही सरावच होता. आत बॉम्ब आहे असं धरून भोवती वाळूच्या गोण्या लागल्या आणि मेथीवर बंबाचा फवारा सुटला. स्ट्रेचरवरून गोटीरामने ते सगळं बघितलं.

गाडीने मात्र त्याला ठरल्या गल्लीत सोडलं. रूपालीने दार उघडलं. आतून सासरची मंडळी त्याच्या कपाळावरची वेळ वाचू लागली.

"नाना, हे काय?"

"ते राहू दे. मेथी मात्र गेली बघ."

"भाजीचं टेन्शन नाही. तुम्ही येईनात म्हणून मी दारावरच घेतली. सहा जुड्या होत्या. बाईने दुप्पट भाव लावला, पण काय करणार?"

"दिले पैसे?"

"घेतलेच नाहीत तिने. म्हणाली, नाना रोज बाजारात भेटतात, त्यांच्याकडूनच घेईन."