शेवटच्या बाकावरचा नग

बी.एड.च्या इंग्रजी परीक्षापाठाची घंटा झाली तेव्हा मास्तरीणबाईंनी देवाचं नाव घेतलं. शिक्षिका होण्याआधीच सासरी त्यांना हे नाव पडलं होतं आणि ते खरं करण्याची ही शेवटची संधी होती. मागच्या खेपेला 'वर्गावर वचक नाही' असा शेरा मिळून त्या नापास झाल्या होत्या. आता पुन्हा तेच झालं, तर शाळेतली ठरलेली नोकरी हातची जाणार होती.

या पाठाला खरी मुलं नसत. बरोबर शिकणारी मंडळीच विद्यार्थी होऊन बाकांवर बसत. वचक दिसावा म्हणून एका मैत्रिणीने व्रात्यपणा करायचं कबूल केलं होतं, पण ती ऐनवेळी तापाने पडली. "घाबरू नकोस गं, माझ्या जागी कुणालातरी धाडते," असा सकाळीच तिचा फोन आला होता.

परीक्षकांची खुर्ची रिकामीच होती. "साहेब चहा घेताहेत, तुम्ही करा सुरू," असं प्राचार्य दारातूनच सांगून गेले.

धडा होता रस्ता सांगण्याचा. थोड्या वेळाने एक टकले गृहस्थ मागच्या दाराने आले, शेवटच्या बाकावर बसले आणि मोबाइल बघून हसू लागले. 'धाडला एकदाचा!' मास्तरीणबाईंच्या जिवात जीव आला.

"ए, शेवटचा बाक! ठेव तो मोबाइल. उभा राहा!"

गृहस्थ दचकून उभे राहिले.

"स्टेशनवरून तुझ्या घरी कसं जायचं? इंग्रजीत सांग!"

"गो... गो स्ट्रेट."

"पुढे?"

"अगेन गो स्ट्रेट."

वर्गात खसखस पिकली. गृहस्थांना दरदरून घाम फुटला. सरळ जाता जाता ते बहुधा गाव ओलांडून गेले, पण घर काही येईना. काय बेमालूम सोंग वठवतोय, असं बाईंना वाटलं.

"पाठ संपेपर्यंत उभाच राहा!"

पाठ संपला आणि प्राचार्य आत आले. "हे काय परीक्षकसाहेब, उभे का?"

मास्तरीणबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. नोकरी गेली, नाव गेलं, सगळंच गेलं. "सर, मला वाटलं..."

परीक्षकांनी मुकाट्याने कागदावर सही केली आणि तो बाईंच्या हाती दिला. पास! शेरा होता, 'वचक उत्तम.'

प्राचार्य वळताच परीक्षक हळूच जवळ आले. "बाई, एक शंका होती. चौकातून उजवीकडे वळा, हे कसं सांगायचं हो?"

"आधी हात वर कर!" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

आणि परीक्षकांनी हात वर केला.