पहिल्या रांगेची शिक्षा

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि तो मी झालो ते नाहूरच्या विठ्ठल तावडे यांच्यामुळे, म्हणजे माझ्या तावडेमामांमुळे. हे वाक्य मी त्यांच्यासमोर आजवर पूर्ण करू शकलेलो नाही. आभाराचा पहिला शब्द तोंडातून निघाला, की मामा वाकून माझेच पाय धरतात.

मामा सगळ्यांचेच पाय धरतात. लिफ्टमध्ये शिरले की आतल्या प्रत्येकाच्या पाया पडतात. तेवढ्यात त्यांचा मजला निघून जातो, वर नवीन माणसं आत येतात, आणि मामा पुन्हा वाकतात. एक कुरिअरवाला घाबरून पार्सल त्यांच्याच हातात देऊन पळाला होता. सोसायटीतल्या बऱ्याच जणांनी लिफ्ट सोडून जिना धरला. तळमजल्यावरच्या डॉक्टरांच्या मते त्याने लोकांची शुगर आटोक्यात आली.

हे सगळं सुरू झालं जाग आल्यापासून. संगमेश्वरहून कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे राहायला आलो, त्याच वर्षी एका सकाळी दाढी करताना मामांना जाग आली. गालांवर फेस तसाच ठेवून ते बाहेर आले आणि म्हणाले, "आपण धूळ आहोत, धूळ."

मामी मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग कपाटाखाली तुमचे भाऊबंद जमलेत, त्यांना आधी बाहेर काढा."

मामांनी खरंच केर काढला. आणि टाकण्याआधी सुपलीतल्या केराला नमस्कार केला.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी सत्संग असतो. तिथे नम्रतेची अशी चुरस, की पहिली रांग कायम रिकामी आणि शेवटच्या रांगेत धक्काबुक्की. मामांनी यावर तोड काढली. ते दाराबाहेर चपला लावायच्या सेवेला बसले. पण तिथे आधीपासून परबकाका होते. परबकाका शेजारच्या इमारतीत एकटे राहायचे. बायको गेलेली, मुलगा परदेशी. चपलांचे जोड ओळीने, टाचेला टाच लावून ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

मामांनी बसता बसता जाहीर केलं, आपण धूळ आहोत. परबकाका शांतपणे म्हणाले, "तू धूळ, तर मी धुळीच्या पायाखालची धूळ आसंय."

मामा दोन दिवस जेवले नाहीत.

पुढे दोघं एकत्रच सेवा करू लागले, म्हणजे एकत्र भांडू लागले. मामा एका घरातल्या चपला शेजारी ठेवायला तयार नसत. इथे कोण नवरा आणि कोण बायको, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सत्संग संपला की नवरे एकीकडे, बायका दुसरीकडे आणि पोरं अनवाणी, असा शोध चालायचा. परबकाका कपाळाला हात लावायचे आणि पुन्हा जोड जुळवायचे.

गेल्या वर्षी मात्र परबकाकांचेच जोड चुकायला लागले. डाव्या बुटाशेजारी कोणाची तरी रबरी चप्पल. कधी एकच सँडल हातात धरून ते नुसते उभे असायचे. मला वाटलं, वय झालं. मग एका गुरुवारी देसाई मॅडमच्या जावयाचे नवेकोरे बूट हरवले. शोधाशोध झाली. शेवटी ते हॉलमागच्या पाण्याच्या पिंपात सापडले. ते तिथे कोणी ठेवले, हे मी दारातून पाहिलं होतं. परबकाकांनी बूट अलगद पाण्यात सोडले होते आणि वर झाकणही नीट लावलं होतं.

देसाई मॅडम सत्संगाच्या प्रमुख, त्यातून निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, हे कोणी केलं? ज्याने केलं त्याची सेवा बंद. परबकाका सगळ्यांकडे बघून हसत होते. त्यांना काही आठवतच नव्हतं.

"मी केलं," मामा म्हणाले.

त्यांच्या आजवरच्या कारभारामुळे कोणालाच नवल वाटलं नाही. उलट लोकांनी मनसोक्त तोंडसुख घेतलं. धुळीला बुटांचा एवढा राग का, असंही कोणीतरी विचारलं. मामा कोणाच्या पाया पडले नाहीत, नुसते ऐकत उभे राहिले. मॅडमनी निकाल दिला, "तावडे, यापुढे तुम्ही आत बसायचं. पहिल्या रांगेत, माझ्या डोळ्यांसमोर."

घरी परतताना मी मामांना म्हणालो, की मी पाहिलंय.

"माझ्या बाबांची गिरणी बंद झाली ना," मामा म्हणाले, "तेव्हा आम्ही पोरं म्हणालो, बाबा, आता आराम करा. ते खाटेवर बसले ते बसलेच. आराम करून करून गेला रे माणूस. परबाला गुरुवार आहे म्हणून तो आंघोळ करतो, कपडे बदलतो. त्याच्या हातातल्या चपला काढून घेतल्या, तर तो घराबाहेर पडेल कशाला?"

मग थांबून म्हणाले, "मामीला सांगू नकोस. उगाच कौतुक करेल."

तेव्हापासून मामा पहिल्या रांगेत बसतात. आता त्यांच्याकडे पाहिलं की कळतं, नम्र माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. मी नोकरीसाठी रत्नागिरीला आलो. परवा त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

"ती. मामांस,

सा. न. वि. वि.

मी कायम झालो. पहिलं पत्र तुम्हालाच लिहितो आहे. आभार मानत नाही, उगाच लिफाफ्याच्या पाया पडाल.

मामी फोनवर म्हणाल्या, परबकाका आता तुम्हालाही नावाने ओळखत नाहीत, पण गुरुवारी तुम्ही त्यांना आणायला गेलात की तयार होऊन दारात उभे असतात. ऐकून बरं वाटलं.

पुढच्या गुरुवारी येतो आहे. तुमच्याशेजारी पहिल्या रांगेत बसेन. निघताना परबकाका ज्या देतील, त्या चपला घालून घरी येईन. एक माझी आणि एक दुसऱ्या कोणाची असली, तरी चालेल.

आपला,
सुधीर"